कप मोठीचे, बश्या धाकटीच्या

सुनेला बाजारात पाठवावं आणि तिनं भलतंच काहीतरी घेऊन यावं, हे एक वेळ पोटात घालता येतं. पण हिला कुणी पाठवतच नसे, तरी ही घेऊन येई. तेही जुन्या वस्तूंच्या दुकानातून. आणि आणायचं काय, तर एक कप. एकच! नाहीतर झाकण हरवलेलं साखरेचं भांडं, नाहीतर कुणाच्या तरी मोडक्या सेटातली एकुलती एक बशी, कडेचा टवका उडालेली.

"मेल्या माणसाच्या घरातलं असेल," सासू म्हणाली. "त्याचं उष्टं तरी धुतलंय का कुणी?"

"मी धुते ना, आई."

"आणि ह्याची जोडी?"

"जोडी कशाला? रंग बघा ना, किती सुरेख निळा."

"रंग चाटायचाय का मला?"

सासूला घरीदारी सगळे मोठी म्हणत. दोन जावांतली ती मोठी, म्हणून. शाळेत ती बाराखडीपर्यंत पोचली होती. पुढचं शिक्षण तिला भेटायला आलं नाही, असं ती स्वतःच सांगे. पण नाकावर माशी बसू द्यायची नाही हे शिकायला शाळा लागत नाही.

सून दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायची. मोठीला याचंच नवल. दिवसभर पांढऱ्यात पांढरं जुळवून म्हाताऱ्याकोताऱ्यांना दात देते, आणि हिच्या घरात दोन कप एकमेकांचं तोंड बघत नाहीत! "ही स्वतःच तसली," मोठी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे. "कुठल्या सेटातून सुटलेला नग आहे कोण जाणे. आमच्यात काही बसत नाही."

मोठीच्या काचेच्या कपाटात मात्र तिच्या सासूच्या वेळचे सहा कप होते. पातळ, अंगठ्याची सावली पलीकडे दिसावी असे, काठाला निळी वेल. आले-गेले कौतुक करत आणि हमखास विचारत, "बश्या कुठंयत?" मोठी तितक्याच हमखास म्हणे, "आत आहेत."

आत काही नव्हत्या. बश्या धाकटीकडे होत्या.

घराची वाटणी झाली तेव्हा पलंग, पातेली, उश्यासुद्धा बिनबोभाट वाटल्या गेल्या. अडलं ते या सेटावर. दोघीही सोडेनात. शेवटी सासरे ताटावरून ओरडले, "एकीनं कप घ्या, एकीनं बश्या घ्या, आणि मला जेवू द्या!" म्हाताऱ्यानं वैतागून तोंडाला आलं ते वाक्य टाकलं, यांनी ते कोर्टाच्या निकालासारखं उचललं. मोठीनं मोठेपणाच्या हक्कानं कप घेतले. कपाशिवाय बशीला कोण विचारतो? चार दिवसांत येईल नाक घासत. तिकडे धाकटीनं बश्या मोजून घेतल्या, कारण बशीशिवाय कप पाहुण्यापुढे ठेवणार कसा? येईल झक मारत. त्याला आता नातवंडं शाळेत जायला लागली. सुंभ जळत आला, पीळ होता तिथंच. दोन्ही घरी चहा स्टीलच्या पेल्यातून चालला होता.

अशात एकदा मुलाचा साहेब घरी आला. सुनेनं कपाटातला कप काढला, आपण जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली गुलाबाच्या फुलाची बशी त्याखाली सरकवली आणि चहा नेऊन ठेवला. साहेबाची पाठ वळताच मोठीनं घर डोक्यावर घेतलं.

"माझ्या कपाखाली परक्याची बशी? उद्या माझ्या पलंगावर परकी सासू आणून झोपवशील!"

"मग कपाच्याच बश्या मागून आणू का काकूंकडून?"

"जीभ झडेल माझी मागताना. तिनं आणून द्यायच्या. दारात उभं राहून."

सुनेनं गुलाबाची बशी विसळली आणि गप्प बसली. ही पोरगी गप्प बसली की धास्ती घ्यावी, हे मोठीला अजून ठाऊक व्हायचं होतं.

महिनाभरानं सुनेनं पिशवीतून कागदाचं पुडकं काढलं. आत एक बशी. काठाला निळी वेल.

मोठी चष्मा फक्त सुई ओवायला लावायची. आज तिनं तो बशीसाठी लावला. उलटी केली, सुलटी केली. तीच. "कुठं मिळाली?"

"दुकानात, आई. नेहमीच्याच."

मोठी मटकन खाली बसली, पण आनंदानं. म्हणजे धाकटी बश्या विकायला लागली! एवढी अन्नान्न दशा? आणि नाक बघा, अजून छपराला लागलेलं! त्या दिवशी मोठीनं सुनेला जन्मात पहिल्यांदा विचारलं, "तुझं ते दुकान रविवारी उघडं असतं का गं?"

मग दुसरी बशी आली. मग तिसरी. सून दर खेपेला कपाट पुसे, बशी कपाखाली सरकवे आणि कुलूप लावून किल्ली मोठीच्या हातात देई. पुढच्या ओळीतले तीन कप आता बशीवर ऐटीत बसले होते. मागची ओळ अंधारात. मोठी चार हातांवरून बघे आणि पाणी प्यायल्यासारखी तृप्त होई.

पण जिंकलेलं माणूस घरात मावत नाही. ज्याला हरवलं त्याचं तोंड बघितल्याशिवाय जिंकण्याला चव कसली? मोठीनं शेरभर साखर बांधून घेतली.

"धाकटीकडे जाऊन येऊ. अडचणीत आहे बिचारी."

सुनेनं हातातली बादली खाली ठेवली. "आई, फोन करा ना. उगाच पायांना त्रास."

"फोनवर तोंड दिसत नाही."

धाकटीचं घर मोठीला वाटलं होतं तसं अजिबात नव्हतं. पडदे नवे, फरशी आरशासारखी. कर्जावर असेल, मोठीनं मनाशी म्हटलं.

"या जाऊबाई, या!" धाकटी इतक्या मायेनं बोलली की मोठीला संशयच आला. "कशा खराब झालात हो! जेवता ना नीट?"

"माझं राहू दे. तुझंच कानावर आलं. ही थोडी साखर आणलीय. कमीपणा मानू नकोस हो, वेळ काय सांगून येते?"

"अगं बाई, माझ्यावर कसली वेळ? मीच तुमच्यासाठी बांधून ठेवलंय," म्हणत धाकटीनं उशीमागून चहापत्तीचं पुडकं काढलं. "म्हटलं, पाठवावं तर तुम्हाला राग येईल. नाक तुमचं पहिल्यापासून..."

एकीच्या मांडीवर साखर, दुसरीच्या मांडीवर चहापत्ती. दोघी एकमेकींची कीव करत बघत बसल्या. तेवढ्यात धाकटीची सून चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप, दोन बश्या. काठाला निळी वेल, वर आणि खाली.

मोठीनं कप उचलला. अंगठ्याची सावली पलीकडे दिसली.

"हा कप..."

"तेच म्हणते मी," धाकटी हळूच म्हणाली. "सूनबाईला दुकानात मिळाला. एकेक करून तीन आले. जाऊबाई, कप विकायची पाळी आली, तरी आम्हाला एक शब्द नाही?"

"मी विकले? माझे कप कपाटात आहेत! बश्या तू विकल्यास!"

"माझ्या बश्या फडताळात आहेत!"

"चष्मा लावून बघितल्यास?"

धाकटीनं डोक्यावर चढवलेला चष्मा चाचपला.

दोघींच्या माना एकदमच वळल्या. धाकटीची सून ट्रे छातीशी धरून स्वयंपाकघराकडे मागं मागं सरकत होती. मोठीची सून उंबऱ्याशी वाकून चपलेचा पट्टा लावत होती, अजून निघायचं ठरलं नव्हतं तरी.

"इकडे ये," मोठी म्हणाली. "दोघी या."

दोघी आल्या. जुन्या वस्तूंच्या दुकानात एकाच किटलीला दोन बाजूंनी हात घातल्यावर त्यांची गट्टी जमली होती, असं निघालं. दोघींना खोड एकच, दोघींच्या घरी बोलणी एकच. मग दर महिन्याला इकडचा एक कप तिकडे, तिकडची एक बशी इकडे. आणि कपाटात, फडताळात मागच्या ओळीत दुकानातले सुटे नग भरतीला.

"म्हणजे माझ्या मागच्या ओळीत..." मोठीनं विचारलं.

"एकावर बदक आहे, आई," सून म्हणाली.

धाकटीला हसू फुटलं. मोठीनं तिच्याकडे असं बघितलं की ते अर्ध्यातच वाळलं. उठून जावं तर कप इथं राहणार, बसावं तर नाक जाणार. चहा निवत चालला होता. शेवटी धाकटीनं चहा बशीत ओतला आणि फुर्र करून ओढला, थेट सासरे ओढायचे तसा. मोठीनंही ओतला. बशीतून प्यायला किती वर्षं झाली होती! माफी कुणी मागितली नाही. साखर आणि चहापत्ती मात्र जिची तिनं परत घेतली.

घरी आल्यावर मोठीनं चष्मा लावला, कपाट उघडलं, मागच्या ओळीतलं बदक बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि सुनेला समोर उभं केलं.

"चोरटी आहेस. खोटारडी आहेस. माझ्याच किल्लीनं माझंच कपाट फोडलंस, आणि वर मला त्या धाकटीच्या दारात साखर घेऊन नाचवलंस. सुटा नग म्हणत होते मी तुला. कसला सुटा नग? एवढी लबाडी बाहेरच्या माणसाला जमत नाही, त्याला ह्याच सेटातला नग लागतो. आणि दात काढू नकोस, हे कौतुक नाही. चहा टाक, मला ह्या बदकातच दे, आणि खाली ती गुलाबाची बशी ठेव. बघू दे तरी, कशी दिसते मेली."