नीळ दिलेला शर्ट

मनकर्णाबाईचं धुणं दोरीवर पडलं की शेजारच्या बाया आपलं धुणं उचलून मागच्या अंगणात नेत. लाज वाटायची त्यांना. अकोल्यातली ती रुळाकडची वस्ती. मालगाडी गेली की धूळ उंबऱ्याच्या आत, पण या बाईचं लुगडं बगळ्याच्या पंखासारखं. पोरवयात ती मायसोबत अकोटच्या जिनिंगात कामाला जायची. तिथं मुकादमाच्या बायकोनं तिच्या झग्याकडं पाहून नाकाला पदर लावला होता. झगा साफ होता. ते तिनं जन्मभर गाठीला बांधून ठेवलं. "लोक आपल्या जातीले नाव ठेवतीन, ठेवू द्या. कापडाले ठेवता नाई आलं पायजे," असं ती घरात सगळ्यांना सांगायची.

आणि तोंड? विळ्याला धार लावावी लागते, हिच्या जिभेला कधी लागली नाही. धाकटी सून दीपमाला लग्न होऊन आली आणि आठवडा व्हायच्या आत सासूनं तिच्या नवऱ्याच्या, देवानंदच्या शर्टाची कॉलर तिच्या डोळ्यांपुढं धरली.

"हे काय हाय वं? शेवाळ? तुह्या मायनं तुले साबण दाखवला नवता काय?"

त्या पोरीनं नंतर कॉलरी घासून घासून बोटांची सालं काढली, पण 'चांगलं निघालं' एवढं सासूच्या तोंडून कधी निघालं नाही.

देवानंद गायरान कसणाऱ्या लोकांचा पुढारी. ज्यांच्या नावावर वावर नाही, बापजाद्यांपासून सरकारी पडीत कसून खातात आणि आता तिथून हुसकले जातात, त्यांच्यासाठी तो गावोगाव फिरायचा. मोर्चाच्या दिवशी मायनं स्वतःच्या हातानं नीळ दिलेला शर्ट त्याच्या अंगावर टाकला.

"पुढारी लोकायचे कपडे पांढरे न् आतून समदं काळं असते," ती म्हणाली. "तू आतून बी असाच राह्य."

"आतलं पाहाले डॉक्टर लागते, माय," तो हसत हसत गेला.

मोर्चातून त्याला उचललं. मायला ठाण्याच्या फाटकातून आत जाऊ दिलं नाही, डबा तेवढा ठेवून घेतला. मग एका सकाळी निरोप आला: छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, गेला. धडधाकट पोरगा. त्या घरातली माणसं सापानं गेली, दारूनं गेली, उपासानंही गेली. छातीनं आजवर कोणी गेलं नव्हतं. आणि डॉक्टरनं त्याला आतून पाहिलंच. कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद.

त्या दिवशी दवाखान्यात एका बाईनं मनकर्णाच्या हातात प्लास्टिकची थैली दिली. तपासायला अंगावरचे कपडे काढले होते, ते जवळच्या माणसाला द्यायचे म्हणून दिले. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून तिनं थैली उघडली. शर्ट होता. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, बुटाचा ठसा. टाच वेगळी, तळव्याची नक्षी वेगळी, चिखल आणि रक्त एक होऊन वाळलेलं. पोस्टातला शिक्का उठावा तसा उठला होता.

बाई दुसरी शिकलेली. पण छातीच्या दुखण्यानं मेलेल्या माणसाच्या पाठीवर बूट चढत नाही, हे समजायला तिसरी लागत नाही. तिनं थैली लुगड्याच्या घोळात घातली.

कपडे देऊन टाकल्याची चूक पोलिसांना कळली तेव्हा हवालदार दारात आला.

"मावशी, त्याचे कपडे कुठं हायेत?"

"जाळले मुर्द्यासंग. राख देऊ काय? कपाळाले लावजो साह्यबाच्या."

तो गेला, पण वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी राहू लागली. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशव्या तपासू लागले.

मोठा पोरगा मनोज जिल्हा परिषदेत बाबू. त्यानं दार लावून घेतलं. "माय, आता काही करू नको. देवा काही वापस येत नाई."

"तुह्या पाठीत कणा हाय काय बे? का तो बी सरकारजमा केला?"

मनोज उठून आत गेला. पण त्या दिवसापासून मनकर्णानं ठरवलं, शर्टाचं या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. मनोज भीतीनं बोलेल. दीपमाला रडताना बोलेल, खरं तर ती अजून रडलीच नव्हती, नुसती भिंतीकडं पाहत बसायची. मनकर्णाला स्वतःशिवाय जगात कोणाचा भरवसा नव्हता. गोधड्यांच्या थप्पीत सगळ्यात खालच्या गोधडीच्या घडीत तिनं तो शर्ट सरकवला आणि रात्री त्याच थप्पीला टेकून बसून राहायची.

अमरावतीला हर्षा वकील म्हणून बाई होती, अशाच केसेस चालवणारी. मनकर्णा रिकाम्या हातानं तिच्याकडं निघाली. पुण्यानुमोदन, गेलेल्यासाठीची बौद्ध वंदना, तोंडावर आलं होतं, भंतेजी येणार, चार गावची माणसं येणार. उंबऱ्यात चप्पल घालता घालता सवयीनं तोंड चाललं:

"दीपा, मी येईपर्यंत घरातला चिंधा न् चिंधा धुतलेला दिसला पायजे. लोक येऊन राह्यले. माह्या घरात मळकं कापड कोणी पाह्यलं असं होऊ नये."

"हो, आत्या," दीपमाला म्हणाली.

हर्षा वकील तिच्या पोरांच्या वयाची. सगळं ऐकून तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फोटो काढला का त्या ठशाचा?"

"माह्यापाशी बटनाचा फोन हाय, माय."

"घरात कोणी पाहिलाय?"

"कोणी नाई. आमच्या घरच्यायच्या पोटात पाणी टिकत नाई."

"बाई, शवविच्छेदनाचा कागद त्यांच्या बाजूनं आहे. ठाण्यातला कॅमेरा बंद होता म्हणतात. शर्ट आहे तर केस आहे. मीच येते तुमच्यासोबत. पंच बोलावू, त्यांच्यासमोर काढू, सील करू, थेट कोर्टात देऊ."

वकीलबाईच्याच गाडीतून दोघी निघाल्या. मूर्तिजापूरला चहाला थांबल्या. मनकर्णानं आपणहून आलूबोंडा मागितला. देवा गेल्यापासून तिच्या तोंडाला चव नव्हती. खाता खाता म्हणाली, "त्या बुटाचा नंबर बी कोर्टाले सापडन, नाई का वं?" वकीलबाई म्हणाली, "सापडेल."

वस्तीच्या तोंडाशी पोलिसांनी गाडीत डोकावून पाहिलं. काही सापडलं नाही.

अंगणात पाय ठेवला आणि मनकर्णा थांबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या. चादरी, लुगडी, लेकरांचे कपडे आणि कुंपणावर गोधड्या. सगळ्याच गोधड्या. खालचीही.

मधल्या दोरीवर शर्ट होता. उलटा टांगलेला, बाह्या खाली लोंबत. दुधासारखा पांढरा.

दीपमाला हात पुसत बाहेर आली. हातांची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती.

"आत्या, गोधडीत सापडला मले. मी समजली. तुमच्या हातून जाळणं झालं नाई, न् धुणं बी झालं नाई. मंग मीच बसली घेऊन. सोड्यात भिजवला, लिंबू लावलं, चार पाण्यातून काढला. पाठीवर लय होतं. निंगतच नवतं." तिनं शर्टाची पाठ वळवून दाखवली. "पाहा बरं. एक डाग राहू देला नाई. भंतेजीच्या पुढं फोटोजवळ ठेवू म्हटलं."

वकीलबाईनं तोंड उघडलं. मनकर्णानं तिचं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली.

"ह्या कोण?" दीपमालानं विचारलं.

"वंदनेले आल्या. अमरावतीहून." मनकर्णाचा आवाज सपाट होता. "चहा टाक त्यायच्यासाठी."

सून आत गेली. वकीलबाई हलक्या आवाजात म्हणाली, "तिनं ठसा पाहिला आहे. तिची साक्ष घेता येईल. फार टिकणार नाही, पण काहीतरी."

"साक्षीत तिले काय इचारसान?"

"शर्टावर काय होतं. आणि ते कसं गेलं."

"मंग तिले समजन, तिनं काय धुतलं ते." मनकर्णा दोरीकडंच पाहत होती. "माही साक्ष घ्या. मी पाह्यला."

"तुम्ही पोलिसांना सांगितलं, कपडे जाळले. आणि तुम्ही आई. एकट्या तुमच्या शब्दावर..."

"मंग जाळलेच समजा."

"बाई, नीट विचार करा. त्यांना हेच पाहिजे. तो माणूस उद्या तोच बूट घालून ड्यूटीवर जाईल."

"जाईन. मले मालूम हाय." सून आत गेली होती त्या दाराकडं तिनं पाहिलं. "एक लेकरू त्यायनं घेतलं. दुसऱ्याच्या गयात हे बांधू काय? जन्मभर ते साबणाले हात लावन काय?"

वकीलबाई चहा न पिताच गेली. गल्लीत गाडीचा आवाज दूर गेला. मनोजनं खिडकीतून ती जाताना पाहिली आणि त्याचे खांदे सुटल्यासारखे खाली आले. मनकर्णाला तेही दिसलं. त्याला एक शब्दही ती बोलली नाही.

दीपमाला कप घेऊन दारात उभी. आजूबाजूच्या बाया कुंपणाशी आलेल्या. आता म्हातारीचं तोंड सुटणार, कॉलर नाहीतर बटनपट्टी, काहीतरी काढणारच.

मनकर्णा दोरीपाशी गेली. तिनं शर्टाची पाठ दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडं धरली. टाच होती तिथं पाहिलं, नक्षी होती तिथं पाहिलं. कापड नितळ होतं, त्यातून पलीकडचे रूळ दिसत होते. नीळ नेमकी पडली होती, ना कमी, ना जास्त.

"चांगला निघाला, बाई," ती म्हणाली.

दीपमालाच्या हातातला कप खाली पडला, आणि देवानंद गेल्यावर पहिल्यांदा ती रडली. गळा काढून रडली. बाया तिला धरायला धावल्या.

मनकर्णा गेली नाही. शर्ट अजून ओला होता. तिनं तो दोरीवर सरळ केला, पाठीवरच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही खांद्यांना चिमटे लावले.