इकडचं टोक

त्या रविवारी मी कासारवाडीला बाबांकडे जेवायला गेले होते. त्यांना आवडतात म्हणून भरली वांगी केली होती. ताट वाढलं आणि त्यांचा फोन वाजला.

"बोल विजू," ते म्हणाले. मला ते कायम अरुंधती म्हणत, पूर्ण.

विजयश्री त्यांच्याच कंपनीच्या महाळुंग्याच्या प्लांटमध्ये होती, बाबा पिंपरीच्या. दोन्हीकडे एकेक मल्टिप्लेक्सर होता; सगळ्या मशिनांचं बोलणं एकत्र करून काचेच्या एकाच तारेतून पलीकडे पाठवणारी पेटी. पिंपरीच्या पेटीत नवीन कार्ड बसवल्यापासून निरोप उशिरा पोचत होते, काही वाटेतच गळत होते.

"हिरवा दिवा लागलाय म्हणून फसू नकोस," बाबा तिला सांगत होते. "तार जोडलीय, एवढंच सांगतो तो. दोन्ही टोकांचं पटतंय की नाही, ते आपण बघायचं... किती गळतंय ते परत मोज. अगं, घाई कसली? मी आहे ना."

वांग्यांवरचा तवंग थिजत गेला. शाळेत माझं गणित अडलं की दुसऱ्यांदा विचारायची सोय नसे. "एकदा सांगितलं ना?" कामाबद्दल विचारलं तर म्हणत, "तुला कंटाळा येईल. तू आपली पुस्तकं वाच." तिला मात्र तेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि हसून.

"तूर्त सगळं तळेगावावरून लांबच्या वाटेनं वळव. उशीर होईल, पण काही गळणार नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन घास खाल्ले आणि थांबले.

"चूक इकडचीच," ते ताटाकडे बघत म्हणाले. "नवीन कार्ड ऑटोवर आलं असणार, वेग आपला आपणच ठरवणारं, आणि तिचं टोक एकाच वेगावर फिक्स आहे. उद्या तिला सांगायला हवं."

"वांगं गार झालंय," मी म्हणाले.

"छान झालंय."

सोमवारी कामावर निघताना, बूट घालता घालताच ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचं सामान आणायला मी पिंपरीच्या प्लांटमध्ये गेले. त्यांच्या जागी आलेल्या सुजितनी मला बाबांच्या खुर्चीत बसवलं. "ताई, तुम्ही ड्रॉवर आवरा, मी गेटपास करून आणतो," म्हणून ते गेले, आणि पेटीला जोडलेला फोन वाजला. दोन्ही टोकांच्या माणसांना काम करताना बोलता यावं म्हणून ठेवलेला. मी उचलला.

"काका, परत तेच..." विजयश्री होती. "सॉरी. सुजितसर?"

"अरुंधती बोलतेय."

"ताई... सवयीनं तोंडून गेलं."

कसली सवय, ते मला कळत होतं. खुर्चीची उशी बाबांच्या बसण्यानं दबलेली होती. रोज इथेच बसून ते तिच्याशी बोलायचे.

"अजून सापडलं नाही हो, ताई. सगळं लांबच्या वाटेनंच चाललंय. लाइन अडखळली की माझ्या नावानं खडे फोडतात." मग तिनं विचारलं, "त्या रविवारी तुम्ही काकांकडे होतात ना? फोन ठेवल्यावर ते काही म्हणाले होते का?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. बाबांचं ते वाक्य माझ्याशिवाय कुणीही ऐकलेलं नव्हतं. पण ते माझं नव्हतंच. समोर मी बसले होते, आणि बोलले ते तिच्याशी.

"इकडचं नवीन कार्ड ऑटोवर आलं असणार," मी म्हणाले. "तुमचं टोक फिक्स आहे. चूक इकडचीच. तुम्हाला सांगायला हवं, म्हणाले होते."

पलीकडे ती रडतेय हे कळलं. तेही मला आवडलं नाही.

"थँक्यू, ताई. मी सुजितसरांना लगेच..."

"थांबा," मी म्हणाले. रिसीव्हर मी दोन्ही हातांनी धरला होता. "माझ्याशी ते इतका वेळ कधीच बोलले नाहीत, विजयश्री. मला तुमचा हेवा वाटतो. अजून वाटतो."