दुसऱ्याच्या गोळ्या

पाटोद्याच्या दूध संघात चाळीस-चाळीस लिटरचे कॅन उचलता उचलता सुग्रीवची कंबर गेली, त्याला सहा वर्षं झाली. ऑपरेशन झालं, दुखणं राहिलं. पुढं दुष्काळ पडला, गुरं छावणीत गेली, दूध आटलं. संघानं त्याला बसून करायचं काम दिलं, पण त्याला धड बसवतही नव्हतं. मग गोळ्या. आधी दिवसाला दोन, आता आठ. पाटोद्याच्या डॉक्टरची चिठ्ठी संपली की तो कडा गावचा डॉक्टर गाठायचा, तिथं नाही जमलं तर आष्टीचा. गोळी चुकली की घाम फुटायचा, पाय थरथरायचे, पोट बिघडायचं.

त्या सोमवारी सरकारी दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई होत्या. चिठ्ठी लिहायच्या आधी त्या प्रश्न विचारायला लागल्या. शेजारी बायको, सारजाबाई, बसलेली.

"घरात कुणाला दारूचं व्यसन?"

"वडलांना व्हतं."

"सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या घेता?"

"न्हाई."

"दुसऱ्या डॉक्टरकडून आणता?"

"न्हाई." चिठ्ठी हातात पडेपर्यंत दम धरायचा, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

"दुसऱ्या कुणाच्या गोळ्या कधी घेतल्या?"

"न्हाई बाई."

"माज्या आईच्या घेतल्यात," सारजाबाई म्हणाली.

सुग्रीवचा हात खिशातल्या गोळीवर गेला. मागल्या उन्हाळ्यात सासू भिमाबाई कॅन्सरनं त्यांच्याच घरी वारली. तिच्या दुखण्यावरच्या गोळ्यांतून रोज एखादी तो काढायचा. म्हातारी शेवटचे पंधरा दिवस नुसती कण्हत होती. आजार वाढलाय, असं सगळे म्हणाले. त्यानंही मान डोलावली होती.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचं दुखणं खरं आहे. आणि गोळीनं तुम्हाला धरलंय, हेही खरं. एकदम तोडली तर हाल होतील. हळूहळू कमी करू. चिठ्ठी फक्त माझीच चालेल, आणि गोळ्या ह्यांच्या ताब्यात."

त्याला उठून पळावंसं वाटलं. पण खिशात एकच गोळी उरली होती. त्यानं होकाराची मान हलवली.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "तुला कवा कळलं?"

"आई असतानाच."

"मग बोलली कावून न्हाई?"

"तुमी बी दुखण्यानं लोळतच व्हता. कुणाचं बघावं, मला उमगलं न्हाई," ती म्हणाली. "आता तिचं कण्हणं रोज ध्यानात येतंय."

पाच महिन्यांत आठाच्या तीन झाल्या. कंबर अजून ठणकते. कडा-आष्टीची वाट बंद झाली, कारण सारजाबाई त्याला एकट्याला कुठं जाऊ देत नाही. सकाळ-दुपार-संध्याकाळ ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. बोलते ती गुरांचं, पाण्याच्या टँकरचं, एवढंच.

एकदा गोळी हातात धरून तो म्हणाला, "माजं लई चुकलं, सारजा."

"आधी पाणी प्या," ती म्हणाली.

तो प्याला. ती पेला घेऊन आत गेली.