न पुसलेली पाती

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. एका शिंप्याने तीस वर्षे मला जिवापाड जपले. त्याच्यामागे मी त्याच्या थोरल्या सुनेच्या हाती आले.

तिला ऑर्किडचा भारी नाद. खिडकीत सहा कुंड्या होत्या. येणारा-जाणारा फुलांचे कौतुक करी आणि ती हरखून जाई. धाकटी जाऊ रोपवाटिकेत कलमे करायला जाते, हे मात्र ती कुणाला सांगत नसे.

एके सकाळी एका पानावर तपकिरी डाग दिसला. बोट लावले तर पान मऊ, पाणचट झालेले.

"ताई, कूज वाटतेय," धाकटी म्हणाली. "ही कुंडी लांब ठेवा. पान कापा, पण कात्री आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा. आणि पानांवर पाणी नको."

"रोपं मी दहा वर्षं वाढवतेय. तू कालची!"

धाकटी कामाला गेली. थोरलीने मला उचलून ते पान कापले. चिकट रस माझ्या पात्यांना लागला. "हातासरशी बाकीच्यांचीही पिवळी पानं काढते," असे पुटपुटत तिने मला तसेच उरलेल्या पाचही रोपांवर चालवले. वर पाणी शिंपडले. मला धार आहे, वाचा नाही.

आठवड्याभरात सहाही रोपे सडली. थोरलीच्या नवऱ्याने रोपवाटिकेच्या मुकादमालाच घरी बोलावले.

"रोग एकाच रोपाला होता," तो म्हणाला. "घाणेरड्या कात्रीनं सगळ्यांना लागला. कुणी कापली पानं?"

थोरलीचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "आमच्या जाऊबाईंनी."

"मी हातसुद्धा लावला नाही!" धाकटी दारातून ओरडली.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

 धाकटीचा नवरा जमिनीकडे पाहत राहिला.

मुकादमाने धाकटीला कलमांवरून काढले आणि कुंड्या धुवायला लावले. आता ती घरी येते, जेवते, झोपते. थोरलीशी बोलत नाही, नवऱ्याशीही नाही.

मित्रांनो, झाड कापण्याआधी आणि कापल्यावर कात्री पुसा; एवढे केले असते तर पाच रोपे वाचली असती. आणि चूक झाली तर ती आपल्या तोंडाने सांगा. सडलेले पान कापून टाकता येते. त्या दिवशी त्या खोलीत जे सडले, ते कापायला माझी धार पुरणार नाही.