चाळिसावी जोडी

त्या गुरुवारी भिंत तीन थरांनी वर आली.

गवंडी उतरून गेले की शुफा खिडकी उघडायची आणि आज काय काय गेलं ते बघायची. आधी बंदराचं पाणी गेलं. मग पाण्यावरची गलबतं, मग त्यांच्या डोलकाठ्या. आता उरली होती जकातीच्या वखारीच्या छपराची कड, तिच्यामागचा मशिदीचा मिनार आणि वर आभाळ. इद्दतीचे एकाहत्तर दिवस सरले होते, एकोणसाठ बाकी होते. नवरा गेलेल्या बाईनं तोवर उंबरा ओलांडायचा नाही. आणि परांचीवर हातभर अंतरावर पाच परके पुरुष, म्हणून दिवसा खिडकीही उघडायची नाही. बंद झडपांतून नुसता विटेवर वीट बसल्याचा आवाज आत यायचा. दिवसभर, थापीच्या तालावर.

शेजारचा हाजी सबूर प्रवाशांना खोल्या भाड्यानं द्यायला घरावर पाच मजले चढवत होता. "ही खिडकी माझ्या बापाच्या डोळ्यांदेखत फोडलेली, जुनी नव्हेच," असं त्यानं जुन्या इमारतींच्या कचेरीत लिहून दिलं होतं. मोंबासाच्या जुन्या गावात शंभर वर्षांची खिडकी कुणाला बुजवता येत नाही. पण तिचं वय सांगणार कोण? सांगणारे सगळे कबरस्तानात.

तिचा नवरा अथमान फोटो काढायचा. वीस वर्षं त्याला एकच वेड. गावाचा जुना फोटो घ्यायचा, तो जिथून काढला ती जागा हुडकायची, तिथेच उभं राहून आजचा काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावायचे. जागा शोधताना तो एक डोळा मिटायचा आणि जुना फोटो हात लांब करून समोर धरायचा. "हे बघ शुफा, एक जवळची वस्तू धर, एक लांबची. कागदावर त्या जशा एकमेकींना टेकल्यात तशाच डोळ्यांना टेकल्या, की समज, तो माणूस इथंच उभा होता." अशा एकोणचाळीस जोड्या झाल्या. चाळिसावी काही जुळेना. फोटोच्या पाठीवर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं साल होतं. फोटोत बंदर, गलबतं, वखार, मिनार आणि डाव्या कडेला काळी पट्टी. त्यानं गावातल्या गच्च्या पालथ्या घातल्या. मिनार जुळला तर छप्पर सरकायचं, छप्पर जुळलं तर मिनार. जागा सापडण्याआधीच तो गेला.

त्या संध्याकाळी शुफानं तो फोटो उगीच हातात घेतला. काळ्या पट्टीत काहीतरी नक्षी होती. कमळाच्या पाकळ्या. तिसऱ्या पाकळीचा टवका उडालेला.

तिच्या झडपेवरच्या कमळाचाही तिसऱ्या पाकळीचा टवका उडालेला होता. त्या खाचेत ती जपमाळ अडकवायची.

तिनं एक डोळा मिटला. फोटो समोर धरला, वीतभर डावीकडे सरकली. छपराची कड अलगद मिनाराच्या कमरेला टेकली.

"वन्सं!" ती ओरडली. "वन्सं, इकडं या!"

अथमानची थोरली बहीण खुलथुम गुडघे चोळत जिना चढून आली. फोटो बघितला, खिडकी बघितली. "तौबा! परका पुरुष, अन् आपल्या बायकांच्या खोलीत?"

"म्हणून तर ह्यांनी इथं कधी शोधलंच नाही. अख्खं गाव धुंडाळलं, पण बायकांची खोली म्हणून ही सोडून दिली."

"मग काढला कुणी?"

"बाईनं काढला असेल, वन्सं."

खुलथुम पलंगावर बसली. फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "माझा भाऊ शहाणा होता. पण पुरुष होता, मेला."

आणि दोघी हसल्या. एकाहत्तर दिवसांत पहिल्यांदा.

तेव्हा इथून फोटो निघाला, म्हणजे खिडकी तेव्हाही होती. पण ते पटवायला आजचा फोटो हवा होता. जोडी दाखवल्याशिवाय कचेरी मानणार नव्हती, आणि उद्या दोन थर चढले की छपराची कड जाणार होती. परक्या माणसाला इथे बोलावता येत नव्हतं. आता अंधार पडला होता, आणि गवंडी फटफटताच चढायचे; उजेड असताना परांची मोकळी फक्त शुक्रवारी, म्हणजे उद्या, जुम्म्याच्या नमाजाला.

"तोवर दोन थर चढवतील ते," शुफा म्हणाली.

"चढवू देते मी!"

सकाळी खुलथुम नारळाच्या रसातल्या तुरीचं पातेलं आणि टोपलीभर गरम माहामरी, तळलेले फुगीर गोड पाव, घेऊन परांचीखाली उभी राहिली. "अरे म्बारूका, उतर खाली! भावाच्या नावानं जेवण आहे."

"मावशी, आत्ताच चढलोय. मालक ओरडतो."

"मयताच्या नावाचं अन्न नाकारतोस? मग तूच सांग वर जाऊन त्याला!"

पाचही जण उतरले. आग्रह संपेना, पातेलंही संपेना. पहिली वीट उचलली तेव्हा दहा वाजून गेले होते. एक थर चढला आणि अजान झाली.

शुफानं झडपा उघडल्या. वीस वर्षं तिनं अथमानची तिपाई धरली होती, बटण कधी दाबलं नव्हतं. तिनं कॅमेरा तिपाईवर बसवला. भिंतीच्या ओल्या सिमेंटचा वास तोंडावर येत होता. वर छपराची बोटभर कड उरली होती. डावीकडे कमळ, मध्ये भिंत, वर कड आणि मिनार. तिनं श्वास रोखला आणि बटण दाबलं. मग आणखी दोनदा.

सोमवारी खुलथुम जोडी घेऊन कचेरीत गेली. जाताना गुणगुणत होती,

खिडकी माझी बहीण, तिच्या गळ्यात माझी माळ
तिच्या गं डोळ्यावाटे, येतं घरात आभाळ.

बुधवारी हुकूम आला. खिडकी जुनी, भिंत आहे तिथेच थांबवावी. चढलेली मात्र उतरवायची नाही. तोवर छपराची कडही भिंतीआड गेली होती.

म्बारूकनं परांची सोडली. खालून ओरडला, "मावशी, वहिनींना सांगा, आम्ही हुकमाचे ताबेदार."

आता खिडकी दिवसाही उघडता येत होती. समोर भिंत होती, डोक्याच्याही वर. तिच्यामागे समुद्र होता, त्याचा आवाज येत होता, आणि तो दिसत नव्हता. अजून त्रेपन्न दिवस.

शुफानं खाचेतली माळ काढून मनगटाला गुंडाळली. जुना फोटो घेतला. एक डोळा मिटून, हात लांब करून समोर धरला. कागदावरच्या मिनाराचं टोक खऱ्या मिनाराच्या टोकाला टेकलं. आणि त्याखाली, जिथे सबूरची भिंत होती तिथे, छप्पर आलं, पाणी आलं. पाण्यावर गलबतं.

हात भरून येईपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला.