सात ते अकराचं शिक्षण

त्या काळी अर्ज टाइप करून घ्यायचे आणि कार्बनची प्रत स्वतःजवळ ठेवायची. धाकटीजवळ अशा आठ प्रती साठल्या होत्या. आठही ठिकाणी तिला 'इतके विषय का?' हा एकच प्रश्न विचारला गेला, आणि तिने एकच उत्तर दिलं. ते भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

नवव्या मुलाखतीला निघताना ताईने अर्ज पुन्हा वाचला. "रसायनशास्त्र दोन वर्षं, इतिहासाची पदवी, ग्रंथालयाचा डिप्लोमा, वर शिवणकाम! अगं, हा अर्ज आहे की लग्नाच्या जेवणातलं ताट? सगळं आपलं चमचा चमचा."

धाकटीने चपला पुढे ओढल्या.

"आणि आईचं काढू नकोस हं. आजारपण काढलं की लोक कीव करतात, नोकरी देत नाहीत."

"बरं."

"नाहीच झालं तर जिवाला लावून घेऊ नकोस. पहिल्या तारखेपासून माझ्या सासूबाईंपाशी दिवसभर कुणीतरी हवंच आहे. तुला काय, सवय आहे."

ताई हे मायेनेच बोलली. आई जाऊन सात महिने झाले होते, आणि तेव्हापासून धाकटीला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. पण 'सवय आहे' ऐकून तिच्या चपलेचा बंद दोनदा चुकला.

ती पाणी तपासण्याची प्रयोगशाळा होती. ठिकठिकाणच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या, त्यांची नोंद ठेवायला माणूस हवं होतं. समोर मोठ्या बाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. शेजारी टक्कल पडलेले केमिस्ट, कानामागे पेन्सिल.

"एकाही विषयात जीव रमला नाही वाटतं?" केमिस्ट हसत म्हणाले.

धाकटीने सुरुवात केली. "प्रत्येक विषयाने मला पुढच्या विषयाकडे नेलं. रसायनातून शोधाची गोडी लागली, शोधातून इतिहासाची…"

"आणि इतिहासातून शिवणाची?"

भाऊजींच्या उत्तरात यापुढे काही नव्हतं. धाकटीला लाजही वाटली नाही.

"रसायन का सोडलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं. "गुण तर चांगले आहेत."

"तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं दुपारी होती."

"मग?"

"आईचं अंग लुळं पडलं होतं. सात ते अकरा शेजारच्या काकू तिच्यापाशी बसायच्या. त्या चार तासांत इतिहास शिकवायचे, म्हणून इतिहास. मग काकूंनी घर बदललं. संध्याकाळी ताई यायला लागली, तेव्हा ग्रंथालयाचा वर्ग केला. ताईला मूल झालं, मग तिचं येणंही बंद झालं. शिवण आमच्या खालच्याच मजल्यावर शिकवायचे. आईने घंटी वाजवली की ऐकू यायची."

वेळापत्रक वाचून दाखवावं तसं तिने सांगितलं. केमिस्टांचं हसू मावळलं.

"किती वर्षं?"

"अकरा."

"औषधपाण्याची वही होती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो. औषधं, ताप, दर दोन तासांनी कूस बदलल्याची वेळ."

"कधी चुकलं?"

धाकटीने आठवून पाहिलं. "एकदा मला झोप लागली. चाळीस मिनिटं उशीर झाला. आईच्या पाठीला फोड आला."

"वहीत काय लिहिलंत?"

"चाळीस मिनिटं उशीर. झोप लागली."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "इथे बाटली दुपारी आली तरी सकाळी आली म्हणून लिहितात. वर तपासणी आमची चुकली म्हणून ओरड. पहिल्या तारखेपासून या. दहा ते सहा."

"बरं," धाकटी म्हणाली. आनंद झाला का, हे तिने जिन्यात थांबून चाचपलं. हाताला काही लागलं नाही.

घरी ताई कांदा चिरत होती. "काय झालं?"

"मिळाली. पहिल्या तारखेपासून."

"अगं बाई! शेवटी तुझ्या भाऊजींचंच उत्तर उपयोगी पडलं ना?" मग ताईची सुरी थांबली. "पण मग सासूबाईंपाशी कोण बसणार गं?"

"ते मला माहीत नाही, ताई."

असं उत्तर तिने उभ्या जन्मात दिलं नव्हतं. ताई डोळे पुसायचे विसरून बघत राहिली.

"इस्त्री कुठे आहे?" धाकटीने कपाटातून दुसरी साडी काढत विचारलं.