समुद्र ओलांडतो, पिंप नाही

"याला उंचावर ठेवा. मोकळं ठेवा. आणि याच्यासमोर काही म्हणजे काही आणून ठेवू नका."

मित्रांनो, हे हेमराजचे शब्द. हेमराज मोखाड्याचा वायरमन. सहा वर्षांपूर्वी त्यानं मला मोटरसायकलवरून सूर्यमाळच्या एका पाड्यावर आणलं, तुळशीच्या घरातल्या उंच फळीवर बसवलं, ही तीन वाक्यं सांगितली आणि चहा पिऊन तो गेला. तिन्ही वाक्यांचं या घरानं काय केलं, ते ऐका.

मी राऊटर आहे. आता जुना झालो आहे, एक दिवा विझला आहे, पण काम सोडलेलं नाही. कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा सगळे दिवे हिरवे लागले होते. तपासणाऱ्या बाईंनी मला उलटंसुलटं पाहून "छान" म्हटलं. तेवढंच कौतुक. पुढं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

माझं काम तुम्हांला कळायला अवघड नाही. उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येतो. बाया आपापल्या पिंपावर रंगानं खूण करतात, म्हणजे कुणाचं पाणी कुणाकडं जात नाही. मीही तेच करतो. घरातल्या प्रत्येक फोनला एक आकडा देतो आणि ज्याचं त्याला पोचवतो. विहिरीतलं पाणी जसं हंड्याहंड्यानं वर येतं, तसाच निरोपही तुकड्यातुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकड्यावर कुठून आला, कुठं जायचा आणि कितवा आहे, हे लिहिलेलं असतं. पलीकडं ते तुकडे पुन्हा ओळीनं लागतात. एखादा हरवला तर तो परत मागवतात. फार हरवले की बोलणं तुटतं, चित्र थिजतं, आणि लोक म्हणतात, "राऊटर खराब झालाय."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

मला या घरात आणलं ते रविनामुळं. ती तुळशीची मुलगी. नर्सिंग शिकली आणि मालदीवला एका छोट्या बेटावरच्या दवाखान्यात लागली. पाड्यावर मोबाइलची रेंज डोंगराच्या मर्जीनं येते. म्हणून जाण्याआधी तिनं माझी सोय केली आणि रक्तदाब मोजायचं एक यंत्रही आईच्या हाती दिलं. तुळशीचा रक्तदाब वाढलेला होता. ठरलं असं, की रोज संध्याकाळी सात वाजता तुळशीनं दंडाला पट्टा बांधायचा आणि आलेला आकडा फोनवर लेकीला दाखवायचा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. इथं सात, तिथं साडेसहा.

पहिली काही वर्षं ते छान चाललं. रविना बेटावरच्या गोष्टी सांगायची.

"आये, इकडून तिकडं चालत गेलं तर वीस मिनिटांत बेट संपतं. चढ म्हणून नाही."

"डोंगर नाय?" तुळशीचा नवरा लाडक्या मागून तोंड घालायचा. "मग सूर्य कुठं मावळतो?"

"समुद्रात मावळतो, बा."

"रोज भिजत असंल तो."

चारी बाजूंनी पाणी, पण प्यायला नाही. पावसाळ्यात छपरावरचं पाणी टाक्यांत साठवून लोक वर्षभर पुरवतात. भाजी बोटीनं येते. बोट चुकली की कांदासुद्धा मिळत नाही. मग डब्यातलं, पाकिटातलं खायचं, वर गोड बाटल्या प्यायच्या. वीस मिनिटांचं बेट, तरी माणसं स्कूटरनं जातात. म्हणून तिच्या दवाखान्यात साखरेचे आणि रक्तदाबाचेच रोगी जास्त. "तू नागलीची भाकर खा, चालत राहा, मीठ कमी कर," असं ती रोज सांगायची. तुळशी रोज मान हलवायची.

आता माझी कर्मकथा.

फळीवर हात पोचत नाही म्हणून लाडक्यानं मला खाली ओट्याजवळच्या कोनाड्यात आणलं. हेमराजचं पहिलं वाक्य गेलं. धूळ बसू नये म्हणून तुळशीनं माझ्यावर क्रोशाचा रुमाल घातला. दुसरं गेलं. मला गरम होतं, मित्रांनो! माझ्या अंगावरच्या खाचा नक्षी म्हणून नाहीत, आतली गरम हवा जायला आहेत. दसऱ्याला विळ्या-कोयत्यांबरोबर माझीही पूजा झाली आणि हळदकुंकू त्या खाचांत गेलं. भक्तीला मी नाही म्हणत नाही. पण देवाला गुदमरवून कुणी पुजतं का?

आणि तिसरं वाक्य. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात घरात दोन मोठी निळी पिंपं आली. ती ठेवली कुठं? बरोबर माझ्या कोनाड्यासमोर.

आता हे नीट समजून घ्या. रविनाचा निरोप समुद्राखालून येतो. तळाशी जाडजूड केबल टाकलेली असते, तिच्या आत केसासारखी बारीक काच, आणि त्या काचेतून उजेडाच्या रूपानं निरोप धावतो. बाहेर कितीही पाणी असो, त्याला थेंब लागत नाही. तो किनाऱ्यावर चढतो, खांबाखांबांवरून मोखाड्याला, तिथून माझ्यापर्यंत येतो. पुढची पाच पावलं मात्र त्याला मी हवेतून पाठवतो, आणि पाणी माझ्या लहरी पिऊन टाकतं. भिंतीतून मी कसाबसा जातो. भरलेल्या पिंपातून नाही. अख्खा समुद्र ओलांडून आलेला निरोप तुळशीच्या दारच्या दोन पिंपांशी बुडत होता. आणि दोष कुणाला? मला. लाडक्या तर येताजाता पाठीत चापट द्यायचा. "मार खाल्ल्याबिगर चालत नाय हा." चापटीनं पाणी बाजूला होतं का? पावसाळ्यात पिंपं रिकामी झाली की मी आपोआप बरा व्हायचो. त्याचं श्रेयही चापटीलाच!

पण खरी चिंता निराळी होती. तुळशी सोमवार धरते, चतुर्थी धरते, एकादशी धरते. या दिवशी ती रक्तदाबाची गोळी घेत नव्हती. तिला वाटायचं, गोळी पोटात गेली म्हणजे उपास मोडला. वर उपासाला खारे वेफर आणि तळलेला साबुदाणा चालायचा. यंदा उन्हाळा लागल्यापासून यंत्रावरचा आकडा चढत होता. मी कोनाड्यातून पाहत होतो.

तुळशी खोटं बोलत नाही. पण संध्याकाळी रविना म्हणायची, "आये, आकडा दाखव," आणि नेमकं चित्र थिजायचं. तुळशी हळूच म्हणायची, "दिसत नाय का? उद्या दाखवीन." यंत्र परत पिशवीत. खोटं बोलायची वेळच तिच्यावर येत नव्हती. पिंपं तिची लाज राखत होती आणि बदनाम मी होत होतो.

यंदाच्या मे महिन्यातली चतुर्थी. दुपारी टँकर आला. तुळशीनं उपाशीपोटी उन्हात हंडे वाहिले. शेवटचा हंडा पिंपात ओतला आणि भिंतीला टेकत ती खाली घसरली, पिंप आणि भिंत यांच्या बेचक्यात. डोकं दुखतंय एवढंच पुटपुटली.

शेजारची येसू धावली. लाडक्यानं रविनाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मी तुकडे फेकत होतो, पिंपं पीत होती. त्यानं मला चापट मारली. मारली तर मारली.

"चक्कर आली, मीठ-साखरेचं पाणी दे," येसू म्हणाली आणि तिनं तांब्यात मूठभर मीठ टाकलंही.

तुळशीला त्या बेचक्यातून ओढता येईना. भरलेलं पिंप तसूभर सरकेना. लाडक्या क्षणभर थांबला. मग त्यानं पाय भिंतीला लावले आणि दोन्ही हातांनी पिंप आडवं पाडलं.

"अरे पाणी! अख्खं पिंप गेलं रं!" येसू ओरडली.

"जाऊं दे!"

पाणी दारातून अंगणात गेलं. आणि माझ्यासमोर दोन हातांची वाट मोकळी झाली. लाडक्याच्या हातातला फोन स्वच्छ बोलला, "बा? काय झालं?"

"आये पडली. येसू मीठपाणी पाजते."

"थांब! मीठ नको, बा. काहीच पाजू नको. आधी मशीन बांध. मला दाखव."

आकडा दिसला. एकशे शहाण्णव. पलीकडून रविना नर्सच्या आवाजात म्हणाली, "जीप बोलव. आत्ता दवाखान्यात. तिला चालवू नको."

येसूनं तांब्या बाहेर नेऊन ओतला.

तुळशी चार दिवसांनी परतली. त्या संध्याकाळी बोलणं एकदाही तुटलं नाही.

"आये, उपासाला गोळी घेत नव्हतीस ना?"

तुळशीनं मान खाली घातली. "उपास मोडतो गं."

"इथं आमिनाथ म्हणून आजी आहेत. रोजे धरतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. पण आधी डॉक्टरला विचारून गोळीची वेळ ठरवून घेतात. त्यांचा देव रागावत नाही, तर तुझा रागावेल का?"

 तुळशीनं तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "गोळी चुकवणार नाय. आणि सोमवारी चालत आरोग्य उपकेंद्रात जाऊन मोजून येईन. तुझी आन."

मित्रांनो, आता मी काय मागू? रुमाल काढा, एवढंच. माझ्या अंगावरचा आणि तुमच्या दुखण्यावरचाही. झाकलेली वस्तू तापते, झाकलेला आकडा वाढतो.

पिंप आडवं होताच फोन लागला, हे लाडक्याच्या ध्यानात आलं; पिंपं आता माझ्या वाटेत नाहीत, बाजूच्या भिंतीशी आहेत. आज सोमवार. तुळशीनं आंघोळ केली, दिवा लावला, घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली. लाडक्या म्हणाला, "मी येतो संगं." ती म्हणाली, "नको. हळू जाईन." यंत्र पिशवीत, फोन कमरेला, पायांत चपला.

माझी हद्द अंगणातल्या जांभळापर्यंत. तिथवर तिचा फोन माझ्या यादीत होता. पुढच्या पावलाला तो गळला. एरवी मी चिडलो असतो; आज ती आकडा मोजायला निघाली होती.